दोष शोधण्याची मजुरी

गॅरेजचं बिल कधी नीट वाचलंय? बॅटरी इतकी, अल्टरनेटर इतका, वायर, फ्यूज, फिटिंगची मजुरी इतकी. एक ओळ मात्र त्यात जवळजवळ कधीच नसते, ती म्हणजे दोष शोधण्याची मजुरी. आपण नव्या भागाचे पैसे देतो, पाना फिरवण्याचे देतो, पण डोकं चालवण्याचे देत नाही. जुन्या गाड्यांमधल्या विजेच्या दोषांवर आपले जे पैसे वाया जातात, त्याचं एक मोठं कारण ही न लिहिलेली ओळ आहे, असं माझं मत आहे. दुसरं कारण सेकंड हँड गाडीच्या बाजारात आहे. तिथे गाडीचा रंग, किलोमीटर आणि टायर दाखवतात, पण ती पुरात बुडली होती का, हे कोणी सांगत नाही.

हे मत एका गाडीवरून पक्कं झालं. आधी ती हकीकत सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

सध्या माझं पोस्टिंग चेन्नईला आहे. शहराच्या दक्षिणेला ईस्ट कोस्ट रोडने साधारण चाळीस किलोमीटर गेलं की कोवलम लागतं. केरळातलं प्रसिद्ध कोवलम वेगळं. हे कोळ्यांचं गाव आहे. मुट्टुकाडूची खाडी ओलांडली की एकीकडे दर्गा, एकीकडे चर्च, मध्ये जाळी वाळत घातलेली आणि समोर बंगालचा उपसागर. इथल्या किनाऱ्याला २०२१ साली ब्लू फ्लॅगचा मान मिळाला. फौजी माणसाला या गावाची आणखी एक ओळख हवी. इथे किल्ला होता, आणि १७५२ साली रॉबर्ट क्लाइव्हने तो फ्रेंचांकडून घेतला. त्याच्या हाताखाली अगदी कच्चे रंगरूट होते. किल्ल्यातून आलेल्या एका गोळ्याने एक शिपाई पडला, तर बाकीचे सगळे पाठ फिरवून पळाले, आणि नंतर एका तोफेच्या आवाजाने घाबरलेला पहारेकरी काही तासांनी विहिरीच्या तळाशी सापडला, असं मेकॉलेने क्लाइव्हवरच्या निबंधात नोंदवलंय. आवाज कुठून आला हे न बघता धावत सुटायची सवय जुनीच आहे. गाडीच्या बाबतीत आपण तेच करतो, फक्त विहिरीऐवजी पार्टच्या दुकानात जाऊन पडतो.

तर या कोवलममध्ये, समुद्रापासून तीनेकशे मीटरवर, आपले एक निवृत्त सुभेदार साहेब भाड्याने राहतात. गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. निवृत्तीनंतर ईसीआरवरच्या एका मोठ्या आवाराची सुरक्षा सांभाळायचं काम मिळालं, म्हणून ते आणि वहिनी इकडे आले. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी एका विक्रेत्याकडून २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक ३ लाख ४० हजारांना घेतली. पैसे निवृत्तीच्या वेळी हातात आलेल्या रकमेतले. गाडी चकचकीत, सीट कव्हर नवी, आतून सुगंधी फवारा मारलेला.

उन्हाळा बरा गेला. ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत दुखणं सुरू झालं. शनिवार-रविवार गाडी उभी राहिली की सोमवारी सकाळी चावी फिरवल्यावर नुसती टक् टक्. धक्का मारून किंवा दुसऱ्या बॅटरीने जोडून सुरू केली की दिवसभर उत्तम. रोज वापरली तर काहीच त्रास नाही.

पहिल्या गॅरेजने बॅटरी बदलली, ५,२०० रुपये. दोन आठवडे बरे गेले, कारण नवी बॅटरी भरलेली होती. मग पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजने अल्टरनेटर उघडून दुरुस्त केला, ९,००० रुपये. पुन्हा तेच. तिसरं गॅरेज शहरात होतं. त्यांनी गाडी दोन रात्री ठेवून घेतली. बंद शेडमध्ये दोन्ही सकाळी ती पहिल्या फटक्यात सुरू झाली. त्यांनी सांगितलं, "बॅटरी ड्रेन होत नाही. कधीकधी होत असेल तर बॉडी कंट्रोल मॉड्यूल गेलंय." त्याचे २८,०००. तेवढ्यानेही भागलं नाही तर पूर्ण वायरिंग, म्हणजे आणखी ४५,०००.

डिसेंबर उजाडला होता. मुलगी बाळंतपणाला आली होती आणि तारीख जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली. दवाखाना शहरात. मध्यरात्री कोवलमहून टॅक्सी मिळेलच याची खात्री नाही. साहेबांनी मला फोन केला तो पैशांसाठी नव्हता. "साहेब, अठ्ठावीस हजार घालतो, त्याचं काही नाही. पण त्यानंतर रात्री दोन वाजता गाडी सुरू होईल का, एवढं मला कोणीतरी छातीठोक सांगा."

हा प्रश्न तिन्ही गॅरेजना कोणी विचारला नव्हता. आणि भाग बदलून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

मी पायदळातला माणूस, इंजिनिअर नव्हे. पण माझ्या पहिल्या युनिटला जोडलेल्या एलएडीमध्ये, म्हणजे लाइट एड डिटॅचमेंटमध्ये, एक हवालदार होते. गाडी आणली की ते पाना नंतर उचलायचे, आधी ड्रायव्हरला बसवून चहा द्यायचे आणि विचारायचे, "कब होता है? कहाँ होता है? और कब बिलकुल नहीं होता?" तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, असं ते म्हणायचे. रोग कधी होत नाही हे कळलं की अर्धे संशयित आपोआप सुटतात. ईएमई, १५ ऑक्टोबर १९४३ ला उभी राहिलेली आपली कोअर, रणगाड्यापासून रेडिओपर्यंत सगळं दुरुस्त करते. तिच्याकडून आपण बाकी काही शिकलो नाही तरी हे तीन प्रश्न शिकावेत.

सुभेदार साहेबांनी वही घातली. तारीख, गाडी कुठे उभी, किती तास उभी, सकाळी कशी सुरू झाली. तीन आठवड्यांची वही वाचायला पाच मिनिटं लागली. शहरात, शेडमध्ये, दोष नाही. कोवलमला रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरवली तर दोष नाही. कोवलमला उघड्यावर दोन-तीन रात्री उभी राहिली की दोष आहे. वहिनींनी त्यात एका ओळीची भर घातली, जी एकाही मेकॅनिकला कोणी सांगितली नव्हती: "ती गाडी रात्री खोकते." खिडकीखाली उभ्या गाडीतून पहाटे कधीकधी टक्... टक् असा आवाज येतो, असं त्यांचं म्हणणं.

आता जरा हिशेब करू. या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. गाडी बंद असतानाही थोडी वीज लागतेच, घड्याळ, रेडिओची मेमरी, चावीचा रिसीव्हर यांना. निरोगी गाडीत ती साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असते. ३० धरली तर दिवसाला पाऊण अँपिअर-तासही जात नाही. म्हणजे गाडी दोन आठवडे उभी ठेवली तरी बॅटरीला ढिम्म काही होऊ नये. तीन रात्रींत नवी बॅटरी बसते याचा अर्थ रोज रात्री चार-पाच अँपिअर-तास कोणीतरी पितंय. आणि बॅटरी, अल्टरनेटर दोघेही निर्दोष आहेत. रोज फिरवल्यावर गाडी ठीक राहते, म्हणजे अल्टरनेटर प्यायलेलं सगळं भरून काढतोय. वहीनेच १४,२०० रुपयांचे दोन संशयित सोडून दिले होते.

उरला प्रश्न, पिणारा कोण, आणि तो फक्त कोवलमच्या रात्रीच का पितो.

शनिवारी रात्री मी गेलो. साधन एकच, साधा डिजिटल मल्टिमीटर. पद्धत सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मधे मीटर जोडायचा, पण वायर सुटण्याआधी मीटर समांतर लावून घ्यायचा, म्हणजे वीज क्षणभरही तुटत नाही. तुटली तर आतली मॉड्यूल नव्याने जागी होतात आणि कधीकधी दोष तात्पुरता नाहीसा होतो. फ्यूज बॉक्सशी जाता यावं म्हणून दार उघडं ठेवायचं, पण दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करायचं, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं. चावी घरात, लांब. आणि मग किमान अर्धा-पाऊण तास हात न लावता थांबायचं, कारण आजच्या गाडीला झोपायला तेवढा वेळ लागतो. मीटर मधे असताना चुकूनही स्टार्टर मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो.

रात्री साडेनऊला सुरुवात केली. सव्वादहाला ३० मिलिअँपिअर. अकराला ३०. साडेबाराला ३०. बिलकुल निरोगी गाडी. तिसऱ्या गॅरेजने हेच पाहिलं असणार आणि त्यात त्यांची लबाडी नव्हती. त्यांनी मोजलं तेव्हा गाडी खरंच निरोगी होती.

दीडच्या सुमारास काचेवर दव धरायला लागलं. एक वाजून चाळीस मिनिटांनी गाडी खोकली. टक्. मीटरवर ८५० मिलिअँपिअर. काही मिनिटांनी खाली, पुन्हा वर. दोननंतर आकडा वरच राहिला. ०.८५ अँपिअर गुणिले सहा तास, म्हणजे पाच अँपिअर-तास. हिशेब जुळला.

पुढचं काम फ्यूजचं. फ्यूज उपटत बसायचं नाही, त्यानेही मॉड्यूल जागी होतात. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, त्यांवर मीटरची टोकं मिलिव्होल्टवर ठेवायची. ज्यातून वीज वाहत नाही त्यावर शून्य. बाकी सगळ्यांवर शून्याच्या आसपास होतं, एकावर सहा मिलिव्होल्ट. तो बॉडी कंट्रोल मॉड्यूलचा फ्यूज. म्हणजे तिसऱ्या गॅरेजचा संशय बरोबर होता?

खोली बरोबर सापडली होती, माणूस नव्हे. मॉड्यूल जागं आहे एवढंच मीटर सांगत होतं. ते बिघडल्यामुळे जागं आहे की त्याला कोणी उठवतंय, हे वेगळं शोधावं लागतं. पहारेकरी ओरडला म्हणून पहारेकऱ्यालाच बदलायचं का? आधी तो कशाला ओरडला ते बघू. या मॉड्यूलला उठवणाऱ्या गोष्टी मोजक्या असतात: चावी, दारं, डिकी, लाइटचा स्विच. मी कन्सोलकडे पाहिलं. दार उघडं असल्याची खूण मंद लुकलुकत होती. चारही दारं बंद होती.

सकाळी साहेबांनी गावातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं. हा कोळ्यांच्या होड्यांच्या इंजिनांची वायरिंग करतो. खाऱ्या पाण्याशी रोजची गाठ. मी त्याला रात्रीचे आकडे सांगायला लागलो तर त्याने हाताने थांबवलं, डावीकडच्या पुढच्या सीटखाली वाकला, गालिचा दाबला, बोटं नाकाशी नेली आणि एकच शब्द बोलला, "तण्णी." पाणी.

पायपट्टी काढून गालिचा वर केला. खालचा फोम दमट आणि त्याच्याखाली पिठासारखा बारीक राखाडी गाळ. पावसात काच उघडी राहिली तर पाणी येतं, गाळ येत नाही. गाळ पुराचा. त्या गाळात, जमिनीलगत, वायरच्या जुडग्याचा कनेक्टर. उघडल्यावर पिनांवर हिरवट थर. दाराच्या स्विचची पिन आणि अर्थची पिन शेजारी-शेजारी. दार उघडलं की स्विच ती वायर अर्थला टेकवतो, आणि मॉड्यूलला कळतं की दार उघडलं. इथे दाराच्या ऐवजी मिठाचा ओला थरच ती वायर अर्थला टेकवत होता.

फक्त रात्री का, तेही आता सरळ आहे. मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतः पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाझरतं, तेच. कोवलमला उघड्या आकाशाखाली गाडीचा पत्रा रात्री हवेहूनही गार होतो, दव धरतं, कनेक्टरमधला कोरडा थर ओला होतो आणि वीज वाहू लागते. सकाळी ऊन तापलं की थर वाळतो, पुरावा नाहीसा. शहरातल्या बंद शेडमध्ये दवच नाही, म्हणून दोषही नाही. पुराने आणून ठेवलेला क्षार आणि समुद्राचं खारं वारं, दोघांनी मिळून हे केलं होतं. मालवण-वेंगुर्ल्याच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

पण एवढ्यावर दोष सिद्ध झाला असं मी मानत नाही. दोष आपल्या हाताने बंद करता आला पाहिजे आणि आपल्या हाताने पुन्हा आणताही आला पाहिजे. कनेक्टर स्वच्छ करून वाळवला. त्या रात्री दोन वाजता, काचेवर दव असताना, ३० मिलिअँपिअर. मग कापसाच्या बोळ्याने दोन पिनांमध्ये मिठाच्या पाण्याचा एक थेंब सोडला. थोड्याच वेळात टक्, आणि ८५०. पुसला, वाळवला, गाडी परत झोपली. साहेबांना हवं असलेलं छातीठोक उत्तर इथे मिळालं. इलेक्ट्रिशियनने खराब पिना कापून नवा कनेक्टर घातला, सांध्यांवर आवरण चढवलं, जुडगा जमिनीपासून वर बांधला, फोम फेकून दिला. सगळे मिळून १,९०० रुपये. साहेबांनी त्याला वर ५०० दिले आणि कशाचे ते मुद्दाम सांगितलं: गालिचा दाबण्याचे. जानेवारीत रात्री अडीचला गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. नात झाली.

आता मुद्दा.

तिन्ही गॅरेज चोर होती असं मी म्हणत नाही. त्यांची अडचण समजून घ्या. मेकॅनिकला कमाई पार्टच्या नफ्यातून आणि फिटिंगच्या मजुरीतून होते. तो रात्रभर मीटर धरून बसला आणि सकाळी म्हणाला, "दोष सापडला, भाग एकही लागणार नाही, माझे दोन हजार द्या", तर आपल्यातले किती जण देतील? "केलंस काय? नुसता कनेक्टर पुसलास!" असंच म्हणू. मग तो शहाणा होतो. पुढच्या वेळी बॅटरी बदलतो. बॅटरी डोळ्यांना दिसते, बिलावर लिहिता येते, जुनी डिकीत टाकून परत देता येते. गिऱ्हाईक समाधानाने पैसे देतं. भाग बदलणारा बाजार आपणच घडवलाय.

डॉक्टरकडे आपण असं करत नाही. तपासणीची फी देतो, औषध न देता घरी पाठवलं तरी देतो, उलट आनंदाने देतो. गाडीच्या डॉक्टरला मात्र गोळी दिल्याशिवाय फी नाही. मग तो गोळ्याच देणार.

कोणी म्हणेल, आता स्कॅनर आलेत, कॉम्प्युटर लावला की दोष कळतो. स्कॅनर उपयोगी आहेच, मी त्याच्या विरोधात नाही. पण स्कॅनर सांगतो की अमुक सर्किटमधून तक्रार आली. तक्रार खरी का आणि ती कशामुळे, हे तो सांगत नाही. या गाडीत स्कॅनर दिवसा लावला असता तर काहीच दिसलं नसतं, आणि रात्री लावला असता तर दार उघडं आहे असं दिसलं असतं. जितकी गाडीत मॉड्यूल जास्त, तितका एका पाच रुपयांच्या पिनेचा दोष पन्नास हजारांच्या भागाचा वेष घेऊन येतो. म्हणून निदानाची किंमत पुढे वाढणार आहे, कमी होणार नाही.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. हा गाळ गाडीत आला कुठून? आरसीवरचा आधीचा पत्ता वेलचेरीचा. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात दक्षिण चेन्नईचा तो भाग पाण्यात होता. साहेबांनी विक्रेत्याकडून जुन्या विम्याची कागदपत्रं मागवली. त्याआधीच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस चांगला ३५ टक्के, आणि डिसेंबरनंतर नूतनीकरण झालेल्या पॉलिसीत शून्य. म्हणजे मधे दावा झाला होता. तो पुराचाच होता असं कागदावर लिहिलेलं नाही, पण गालिच्याखाली लिहिलेलं होतं. विक्रेत्याने हात वर केले: "आम्ही असं काही सांगितलंच नव्हतं." खरं आहे. विचारलंही नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं.

ही एका शहराची गोष्ट नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत किती गाड्या बुडाल्या हे आपल्यातल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिलंय. २०१५ चं चेन्नई, २०१९ चं कोल्हापूर-सांगली, २०२१ चं चिपळूण. यातल्या सगळ्या गाड्या भंगारात गेल्या नाहीत. धुऊन, वाळवून, सुगंध मारून बाजारात आल्या, आणि बऱ्याचदा पूर न आलेल्या गावात विकल्या गेल्या, कारण तिथे कोणाला संशय येत नाही. पुरात भिजलेली गाडी विकणं हा गुन्हा नाही आणि नसावाही. नीट दुरुस्त केली, किंमत कमी लावली आणि सांगून विकली तर तो सरळ व्यवहार आहे. न सांगता पूर्ण किमतीला विकणं म्हणजे आपलं दुखणं दुसऱ्याच्या गळ्यात घालणं.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नवे नियम लागू झाले. विक्रेत्याने अधिकृत नोंदणी घ्यायची, गाडी ताब्यात आली की कळवायचं, गाडी कुठे फिरली याची नोंद ठेवायची. चांगली सुरुवात आहे. पण हे नियम गाडी कोणाच्या ताब्यात आहे ते सांगतात, ती कशातून गेली ते नाही. आरसीवर मालक किती झाले ते येतं, पूर येत नाही. विमा कंपनीकडे मात्र दाव्याची नोंद असतेच. ती नोंद, निदान "पाण्यात बुडल्याचा दावा: होय किंवा नाही" एवढी एक ओळ, खरेदीदाराला गाडीच्या नंबरावरून दिसली पाहिजे. त्यासाठी नवं खातं, नवी इमारत काही लागत नाही. आपल्या लष्करी गाडीचं लॉग बुक गाडीबरोबर युनिटमधून युनिटमध्ये जातं, आणि मागच्या युनिटने काय भोगलं ते पुढच्याला कळतं. नागरिकाच्या आयुष्यभराच्या बचतीला तेवढाही आधार नसावा?

तोवर आपल्या हातात काय आहे? विशेषतः नुकत्याच निवृत्त झालेल्या बांधवांना सांगतो, कारण हातात एकरकमी पैसा आणि समोरच्यावर विश्वास, या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच वेळी येतात आणि बाजाराला ते माहीत असतं.

गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडण्याआधी गालिचा दाबा. सीटखालचे बोल्ट बघा, तिथे गंज असेल तर विचारा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गाळाची रेघ शेवटच्या हातभर पट्ट्यात लपते. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. खूप सुगंध येत असेल तर तो कशावर मारलाय याचा विचार करा. आधीच्या मालकाच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही, म्हणून तो त्याच्याच कागदांत दिसेल. मधेच शून्य झाला असेल तर का, ते विचारा. आणि विक्रीच्या पावतीवर एक वाक्य लिहून घ्या: "माझ्या माहितीप्रमाणे ही गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली नाही." ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आपल्याला वस्तूबद्दल माहिती मिळण्याचा हक्क देतो, पण हक्क सांगायला कागद लागतो. विक्रेता हे वाक्य लिहायला कां-कूं करत असेल तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आणि गाडी घेतल्यावर विजेचा दोष आलाच, तर मेकॅनिककडे जाण्याआधी आठवडाभर वही घाला. कधी होतं, कुठे होतं, कधी बिलकुल होत नाही. घरातल्या सगळ्यांना विचारा, गाडी चालवत नाहीत त्यांनाही. मेकॅनिकला सरळ सांगा: "आधी दोष शोधा, त्याचे वेगळे पैसे देतो. भाग बदलायचा असेल तर तोच दोषी आहे हे मला मीटरवर दाखवा." दहातले सात जण हसतील. दोघे विचारात पडतील. एक जण खुर्ची ओढून समोर बसेल आणि विचारेल, "कधी होतं?"

तो तुमचा माणूस. त्याचा नंबर जपून ठेवा, आणि बिल देताना ती एक ओळ त्याच्याकडून लिहून घ्या. तो लाजला तर आपण लिहा.

जय हिंद.